मनियाराची खडीसाखर

शर्यत लागली ती एका चड्डीवरून.

चामोर्शीच्या बाजारचौकात वामनराव शिंप्याचं दुकान आणि बाबूभाई मनियाराचं बांगड्यांचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं. मधली भिंत चांगली विटांची, पण बाबूभाईच्या तोंडापुढं ती कागदाची. हा माणूस सकाळी शटर उघडताना जे बोलायला लागायचा, ते संध्याकाळी शटर पाडल्यावर घरी बायकोजवळ पुढं चालू करायचा. त्या आठवड्यात त्यानं बाजारात बातमी सोडली की वामनराव बायांच्या ब्लाउजांचं उरलेलं कापड परत देत नाही, कारण त्यातून तो स्वतःसाठी चड्डी शिवून राह्यला. गावातल्या झाडून साऱ्या घरांचे तुकडे आहेत तिच्यात. ज्याला पटत नसेल त्यानं बघून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई खरंच आपला मोरपंखी तुकडा शोधायला आली.

ती गेल्यावर वामनराव कात्री घेऊनच बाहेर आला. "बाबू, तुह्या तोंडाले एक दिवस काज करून बटन लावतो म्या!"

"लाव ना," बाबूभाई म्हणाला. "पर बटन नवं लावजो बाप्पा. कोनाच्या ब्लाउजचं काढलेलं नोको."

समोरच्या चहाटपरीवर लच्छू होता, त्याच्या हातातली गाळणी हसून हसून खाली पडली. वामनरावाचं टाळकं आणखीच तापलं.

"मर्द असशीन तं आठ दिवस मुका राहून दाखव! ह्या बाजारापासून त्या बाजारापर्यंत. धंदा बंद नाई ठेवायचा, दुकान करायचं, गावोगावी फिरायचं, पर तोंडातून एक शब्द नाई. बोलला का हारला."

"अन हारलो तं?"

"तं इथीच, भर बाजारात, तुह्याच दुकानातल्या बांगड्या म्या तुह्या हातात भरीन. कोपरापर्यंत! बाजार उठेपर्यंत तसंच बसायचं."

"अन जितलो तं?"

वामनराव अडला. त्यानं तेवढा विचारच केला नव्हता.

"तं तू ते चड्डी पँटीवरून घालून बाजाराचे चक्कर मारायचे," बाबूभाईनं त्याच्या वतीनं ठरवून टाकलं.

"अबे, असी चड्डीच नाई माह्यापाशी!"

"मंग शिव. आठ दिवस हायेत. कापड तं हायेच."

लच्छू पंच झाला. पण बाबूभाई बाहेरगावी गेल्यावर त्याच्या तोंडावर पहारा कोण देणार? तेव्हा वामनरावानंच दुकानाला कुलूप ठोकलं आणि आठ दिवस त्याच्या गाडीवर मागं बसायचं पत्करलं. सूड उगवायचा तर माणूस कंबर दुखवून घ्यायलाही तयार होतो.

घरी हाजराला ही बातमी लच्छूनंच दिली. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अल्ला करे अन आठचे सोळा होवो." त्या संध्याकाळी लग्नानंतर पहिल्यांदा तिला घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू आला म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, मुकं राहून बांगड्या विकायला काय जातं? तर जातं. बांगडी हाताच्या मापाची नसते, मापापेक्षा बारकी असते. तरच ती मनगटावर शोभते. मधे अंगठ्याचं हाड आडवं येतं. बाईचं लक्ष हाताकडं असलं की ती हात आवळते, आणि काच फुटते. म्हणून मनियारानं बोलायचं असतं. सासूचं विचारायचं, पोराचं विचारायचं, शेजारणीचं काहीतरी खोटंनाटं सांगायचं. बाई हसली की हात सैल पडतो आणि तेवढ्यात बांगडी आत. बाबूभाईच्या बापानं त्याला हात नंतर शिकवला, जीभ आधी.

त्यामुळं पहिले तीन-चार दिवस काचांचा नुसता खच पडला. एका गावी बायकांनी त्याच्यावरून मीठमिरची ओवाळून टाकली. एकीनं वामनरावाला विचारलं, "काऊन गा, भाऊले लकवा मारला का?" वामनराव खुशीत म्हणाला, "नाई बाई, त्याच्या पापाचं फळ हाये." बाबूभाईच्या पोटात उत्तरं नुसती उकळत होती. पेटीत लहान पोरींसाठी खडीसाखरेचा डबा असायचा, बांगड्या भरताना रडल्या तर द्यायला. बोलायची उबळ आली की तो त्यातला एक खडा तोंडात टाकायचा. चार दिवसांत अर्धा डबा रिकामा झाला.

पाचव्या दिवशी गाडी मुरुमटोल्याला गेली.

टोला जंगलातला, पंधरा-वीस घरांचा. धान मळून झालं होतं, अंगणाअंगणात तणसाचे ढीग. आंब्याखाली वामनराव कंबर धरून लवंडला. बांगड्या भरायच्या जागी परका गडी बसलेला बायांना चालत नाही, मनियार तेवढा चालतो. त्याला गडी धरतच नाहीत.

सोमारीबाईच्या ओसरीवर बाबूभाईनं पेटी उघडली. सोमारी टोल्यातली जाणती बाई, कोणाचंही बाळंतपण असो, तिला बोलावणं असायचं. तिचा मुलगा सुरज गडचांदूरहून सिमेंटचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. त्याची बायको मंगली पोटाशी होती, दिवस भरत आलेले. हिरव्या बांगड्यांसाठी तिनं हात पुढं केला. सोमारी आत मुसळानं धान कांडत होती, धप धप.

मंगलीचा हात काही आवळलेला नव्हता. उलट मेल्यासारखा सैल होता. बाबूभाईला ते बरं वाटलं नाही. एरवी त्यानं विचारलं असतं, "काय वो बाई, माहेरची याद येऊन राह्यली का?" आता फक्त पाहिलं.

"तुमी बोलत नाई म्हन्तेत भाऊ," मंगली हळूच म्हणाली. "नवस हाये का?"

बाबूभाईनं मान अशी हलवली की तिचा काहीही अर्थ निघावा.

"बरं हाये. बोलत नाई त्याले सांगता येते."

आणि ती सांगायला लागली. आतलं मुसळ चालू होतं तोवर. गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात नाव घालायला गेली तेव्हा रगत तपासलं. मग सुरजला बोलावून त्याचंही तपासलं. दोघांच्या रगतात ती बिमारी निघाली, एड्सवाली. सुरज दोन दिवस जेवला नाही. सिस्टरनं दोघांना समोर बसवून समजावलं. पोटातल्या लेकराला ती लागलीच असेल असं नाही; जास्तकरून बाळंत होताना लागते. त्यासाठी एक गोळी आहे. दुखा सुरू झाल्या की आईनं ती घ्यायची, आणि लेकरू जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत त्याला औषधाचे थेंब द्यायचे. धोका पुरता जात नाही, पण खूप कमी होतो. दवाखान्यातच या बाळंतपणाला, सिस्टर म्हणाली. नाहीच जमलं तर म्हणून गोळी सोबत दिली.

"सुरज गाडी घेऊन येनार हाये, मले न्याले. पर त्याच्या पहिले दुखा लागल्या तं? मामीले काय सांगू? तिले समजलं तं टोला मले पान्याच्या नळावर नाई येऊ देनार." मामी म्हणजे सासू. "गोळी लपवून ठेवली हाये. असी जागा का कोनी हात नाई घालनार."

सकाळीच बाबूभाईच्या बोटाला काच लागली होती. तेच बोट तिच्या अंगठ्यावर होतं. एक क्षण तो थांबला. मंगलीनं ते पाहिलं. तिनं हात मागं घेतला नाही, पण आवाज खाली गेला. "हात लावल्यानं नाई होत भाऊ. सिस्टरनं सांगतलं मले."

बाबूभाईला स्वतःची लाज वाटली. बोलायची सोय असती तर त्यानं दहा गमती करून ती लाज झाकली असती. आता झाकायला काहीच नव्हतं. त्यानं बोटाला चिंधी बांधली, तिचा हात परत धरला आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. एकही फुटली नाही. मग डब्यातला खडीसाखरेचा सगळ्यांत मोठा खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. मंगली जरा हसली आणि पाणी आणायला मागं गेली.

मुसळ थांबलं. सोमारी बाहेर आली, हातात एक गाठोडी. "भाऊ, हे फुटक्या बांगड्याची काच. सुनेनं जमवून ठेवली, कोनाच्या पायात जाईन. तुमी घेता न? दोन बांगड्या वरून द्या मंग."

बाबूभाईची ती स्कीमच होती, फुटकी काच घ्यायची आणि वर दोन बांगड्या द्यायच्या. त्यानं दिल्या, गाठोडी पेटीखाली टाकली, गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाजरानं ती काच निवडायला पेपरावर ओतली. लाल, पिवळ्या, लग्नातल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे खणखणत पडले आणि त्यांच्या मधोमध एक चिंधीची पुरचुंडी. हाजरानं गाठ सोडली. आत चकचकीत पाकिटात एकच गोळी.

"हे काय जी? काचेत गोळी कोन ठेवते?"

बाबूभाईनं हातातला चहा खाली ठेवला. असी जागा का कोनी हात नाई घालनार! काचेच्या चुऱ्यात कोण हात घालेल? तिनं जागा बरोबर शोधली होती. फक्त मनियाराची स्कीम तिच्या ध्यानात आली नव्हती.

"बोला ना आता! इथी कोन हाये ऐकाले?" हाजरा म्हणाली.

खरंच कोणी नव्हतं. वामनराव आपल्या घरी दात घासत होता. हाजराला सांगितलं असतं तर शर्यत मोडली हे कोणाला कळणार होतं? पण बाबूभाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या गोष्टी वाटल्या होत्या, वर पदरचा मीठमसाला लावून. ही वाटायची नव्हती, हाजरालासुद्धा नाही. त्यानं पुरचुंडी उचलली, वरच्या खिशात घातली, आणि चहा तसाच ठेवून गाडी काढली.

वामनराव तोंडाला फेस असतानाच मागं बसला. "अबे, कुठी चालला? नाश्ता तं करू दे!" गाडी मुरुमटोल्याच्या वाटेला लागली तसा तो आणखी ओरडला, "कालच तं जाऊन आलो बे तिकडे! येडा झाला का? काई राह्यलं का तिथी?" बाबूभाईनं अॅक्सिलेटर पिळला. नाल्याच्या दगडांवरून गाडी अशी उडाली की वामनरावाचा पुढचा प्रश्न गिळला गेला.

टोल्यात शिरताच कळलं. सोमारीच्या घरामागं कुडाची छोटी झोपडी होती. बायका पाळीच्या दिवसांत तिथं राहायच्या, ह्या टोल्यात बाळंतपणही तिथंच. झोपडीपुढं शेकोटी पेटली होती, वर पाण्याचं मडकं. आणि आतून कण्हणं येत होतं.

सुरज अजून आला नव्हता. एकजण सायकलीवर त्याला फोन करायला गेला होता म्हणे.

टोल्याची रीत अशी की दुखा लागल्या की बाई त्या झोपडीत जाते, बांगड्या उतरवून, अंगावरच्या एका लुगड्यानिशी. घरातली वस्तू आत जात नाही, आतली बाहेर येत नाही, आणि गडीमाणूस शेकोटीच्या अलीकडंच थांबतो.

सोमारी दारात आली, कपाळावर घाम. कोणाला तरी म्हणाली, "दुखा येऊन राह्यल्या, अन हे काय मांगते तं काच! माही काचेची गाठोडी कुठी गेली, माही गाठोडी कुठी गेली. रडून रडून अर्धी झाली. दम धरून जोर लावत नाई."

बाबूभाई शेकोटीपर्यंत गेला. हातानं आत बोट दाखवलं, मग खिशाला हात लावला.

"काय पाह्यजे भाऊ? बांगड्या आता नाई. पोरगी झोपडीत हाये."

त्यानं पुन्हा बोट दाखवलं. दोन्ही हात जोडले. पुरचुंडी काढून पुढं केली.

"भाईरची चीज आत नाई जात," सोमारी म्हणाली. "मांगं व्हा तुमी."

बाबूभाईनं मग जे काय हातवारे केले, ते पाहून शेकोटीजवळची एक म्हातारी घाबरून उठली. कोणी म्हणालं मनियाराच्या अंगात आलं. आंब्याखालून वामनराव मात्र टाळ्या पिटत होता, "वा रे वा! नाच! पर बोलजो नोको!"

आतून मंगलीची मोठी कळ आली. कळ ओसरली तसा तिचा आवाज, बारीक, तुटका: "मामी... गाठोडी..."

बाबूभाईनं डोळे मिटले. मग त्यानं तोंड उघडलं आणि पाच दिवसांचं तुंबलेलं पाणी बांध फोडून निघालं.

"सोमारीबाई, ऐका! तुमच्या टोल्याची रीत म्या मोडत नाई, पर मनियाराची रीत तुमी काऊन मोडता? काल म्या ह्या पोरीच्या हातात हिरवा चुडा भरला. आठ दिवस व्हाच्या आत तो उतरला का नाई? उतरला! मंग आमच्यात काय हाये, ज्या मनियारानं भरला त्यानं आपल्या हातानं खडीसाखर द्याची, अन ते बाईनं दुखा चालू असतानाच खाची. नाई तं मनियाराचा हात बांधल्या जाते! पुढं ज्या पोरीले बांगडी भरीन तिची फुटल. तुमच्या ह्या टोल्यातल्या समद्या पोरींची लगनं मांडली हायेत, त्यायचे चुडे कोन भरन? माहा बाप असाच एकदा विसरला, तीन वर्सं हातात बांगडी टिकली नाई त्याच्या, आखरीले बकऱ्या चाराले गेला!"

बाबूभाईचा बाप मरेपर्यंत बांगड्याच भरत होता आणि त्याला बकरीची भीती वाटायची.

"बोलला!" आंब्याखालून आरोळी आली. "बोलला, बोलला! हारला बे बाबू हारला!" वामनराव कंबरदुखी विसरून धावत आला. शेकोटीजवळ येऊन थबकला आणि त्याच्या डोक्यात नको तो प्रकाश पडला. "अन थांब, असी कोनती रीत? म्या तुह्या बाजूले वीस वर्सं बसून राह्यलो. म्या तं कदी नाई ऐकली!"

सोमारीनं बाबूभाईकडं पाहिलं. 

"तुले कुठून मालूम असन?" तो वामनरावावर उखडला. "तू शिंपी! तुह्या धंद्यात एकच रीत, बायांचे तुकडे ठेवून घेनं!"

शेकोटीजवळच्या म्हातारीला हसू फुटलं. तिचाही एक तुकडा बहुतेक वामनरावाकडं होता. सोमारी हसली नाही.  रीत म्हटल्यावर तिला ते उडवून लावता येईना. तिचं सगळं आयुष्य रितीवर चाललेलं, दुसऱ्याची ती काय म्हणून मोडायची?

"साखरच हाये न?"

"साखरच. तिच्याच हातात द्या, तिनंच सोडावं, मंग वरून घोटभर पानी. दुसऱ्या कोनी गाठ सोडली तं उपेग नाई." बोलता बोलता त्यानं उबळीसाठी खिशात ठेवलेला खडीसाखरेचा खडा त्याच चिंधीत टाकून गाठ मारली होती. चिंधी तीच, मंगलीच्या जुन्या लुगड्याची. ती ओळखेल, एवढाच त्याला भरवसा होता.

सोमारी आत गेली. बाहेर मडक्यातलं पाणी खदखदत होतं. वामनराव "कोपरापर्यंत, ध्यानात ठेव" असं काहीतरी बडबडत होता, बाबूभाईला ऐकू येत नव्हतं.

मग आतून मंगली म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मामी, पानी द्या. अन भाऊले सांगा, साखर गोड लागली."

बाबूभाई शेकोटीत लाकडं सारायला लागला.

ऊन कलायच्या आत मुलगी झाली. सुरज आला तो ट्रकसकट, टोल्याच्या वाटेवरची झुडपं मोडत. बाबूभाईनं त्याला बाजूला घेऊन चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीहून सिस्टर आली ती सुरजच्या ट्रकमधे बसून. तिनं बाळाच्या तोंडात औषधाचे थेंब सोडले. पोलिओचे थेंब घरोघरी येऊन पाजायचे दिवस होते ते. थेंब पाहून टोल्यात कोणी काही विचारलं नाही. लेकराला फक्त आईचं दूध, मध नाही, पाणी नाही, असं तिनं सोमारीला दोनदा बजावलं. आणि जाताना मंगलीला म्हणाली, दीड वर्षानं लेकराचं रगत तपासू, तेव्हा पक्कं कळेल. तोवर धीर धर.

ह्या टोल्यात सोमवारची ती सोमारी, मंगळवारची ती मंगली. ह्या मुलीचं नाव सोमारीनंच ठेवलं, साखरी.

इकडं चामोर्शीत बाबूभाईची छीथू झाली. "साखरेपायी हारला येडा!" लच्छू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. "शर्यत जितायले तीन दिवस राह्यले होते, अन हा कोनाले तं साखर खाऊ घालाले बोलला!" एरवी बाबूभाईनं असल्या माणसाला दोन वाक्यांत गार केलं असतं. खरं सांगितलं असतं तर अख्ख्या बाजारानं त्याला डोक्यावर घेतलं असतं. तो नुसता हसायचा.

पण बांगड्या काही भरून घेईना. पहिल्या बाजाराला तो सासुरवाडीला पळाला. दुसऱ्या बाजाराला दोन्ही हातांना पट्ट्या बांधून आला, गळवं झाली म्हणून. वामनरावानं पट्टी ओढली तर आतून कुंकवानं रंगवलेला कापूस निघाला. तिसऱ्या बाजाराला म्हणाला, घे भर, आणि पेटीत नुसत्या तान्ह्या पोरींच्या बांगड्या. मग रमजान आला, मग पावसाळा, मग लग्नसराई. वामनराव चिडून म्हणायचा, "हारलेला मानूस हाय तू! कदी फेडशीन?"

"फेडीन. माह्या मर्जीच्या दिवसी."

कारण बाबूभाईनं मनाशी एक नियत बांधली होती, ती त्याच्याशिवाय फक्त वरच्याला माहीत. साखरीचं रगत साफ निघू दे. त्या दिवशी भर बाजारात भरून घेईन. त्याच्या आधी भरल्या आणि नंतर उलटं निघालं तर त्या बांगड्या हातात रुतून राहतील, असं त्याला उगाच वाटायचं. मुरुमटोल्याला गेला की साखरीला मांडीवर घेऊन तो तिची बोटं चोळत बसायचा, बांगडीचं माप घ्यायच्या बहाण्यानं. एकदा तिला ताप आला तर ह्यानं दोन दिवस दुकान उघडलं नाही. हाजरा म्हणाली, "तुमाले काय झालं? मोहल्ल्यात पोट्टे तापानं पडले तं तुमी बघाले बी नाई जात." बाबूभाई म्हणाला, "माहं पोट दुखून राह्यलं."

दीड वर्ष असंच गेलं. सुरज-मंगली स्वतःच्या गोळ्यांसाठी आता नागपूरला जाऊन यायचे. सुरज रोडावला होता तो परत भरला होता.

मग एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, भाजीवाल्यांच्या गर्दीतून सुरज येताना दिसला. खांद्यावर साखरी. मागं मंगली, आणि तिच्यामागं सोमारी टोपली घेऊन. तिघं सकाळी गडचिरोलीला गेले होते. सोमारीला वाटत होतं लेकराला सुई टोचायला. सुरजनं लांबूनच बाबूभाईकडं पाहिलं.  खांद्यावरच्या पोरीला दोन्ही हातांनी उचललं आणि वर, अगदी उंच धरलं. पोरगी खिदळली. मंगली पदरात तोंड घालून रडत होती आणि हसतही होती.

बाबूभाई दुकानातून उडी मारून बाहेर आला. समोर औषधवाल्याचा भोंगा चालू होता, त्यानं त्याच्या हातातून माईक हिसकला.

"ऐका हो ऐका! बाबू मनियार हारला होता, आज फेडून राह्यला! वामनराव शिंपी, जिथी असशीन तिथून भाईर ये! कोपरापर्यंत!"

बाजार गोळा झाला. लच्छू भट्टी तशीच सोडून आला. वामनराव बाहेर आला तो संशयानं, एक एक पाऊल टाकत. "आता कोनतं नाटक हाये तुहं?"

"नाटक नाई. हे पेटी, हे हात. भर."

बसायला काहीतरी हवं म्हणून वामनरावानं घाईत दुकानातून गादी आणली. बाबूभाई तिच्यावर बसणार तेवढ्यात पाटलीणबाई गर्दीतून किंचाळली, "थांबा! हा माहा मोरपंखी तुकडा!" गादी कसली, ती चड्डी होती. शर्यतीच्या धास्तीनं वामनरावानं खरंच शिवून ठेवली होती, आणि मग फेकवेना म्हणून कापूस भरून तिची गादी केली होती. बाबूभाई इतका हसला की त्याला उचकी लागली. देवानं त्याचं एक खोटं खरं केलं होतं.

वामनरावानं रागारागानं बांगडी घेतली आणि दाबली. फुटली. दुसरी घेतली, फुटली. सुईदोऱ्याचा हात, काचेचं त्याला काय कळणार?

"सरका मामा," मंगली पुढं आली आणि बाबूभाईपुढं बसली. तिनं हिरव्या बांगड्यांचा डझन उचलला, त्याचा जाड राठ हात हातात घेतला. "हात ढिला सोडा भाऊ. इकडं नोका पाहू. घरी हाजराबाई कसी हाये? तुमचं पोट दुखत होतं म्हने मधी, आता बरं हाये का?" बोलता बोलता एक बांगडी आत गेली. "साखरीले बारा दात आले, मालूम हाये का? काल मामीले चावली." दुसरी गेली.

सोमारी कौतुकानं बघत होती. बांगड्या मनगटावरून वर चढत कोपरापर्यंत पोचल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणी कुंकू आणलं, कोणी म्हणालं पदर द्या ह्याला. बाबूभाईनं दोन्ही हात वर करून बांगड्या खणाखण वाजवल्या.

"सांग ना बे आता!" लच्छू ओरडला. "दीड वर्सं झालं, आता तं सांग! जितत आला होता, काऊन बोलला? अन आज काऊन फेडून राह्यला?"

"सांग, सांग!" सगळा बाजार ओरडायला लागला. वामनरावसुद्धा कान देऊन उभा राहिला.

बाबूभाईनं घसा खाकरला. सगळ्यांकडं पाहिलं, चांगलं तोंड उघडलं. मंगलीचा हात साखरीच्या डोक्यावर थांबला.

मग बाबूभाईनं डब्यात हात घातला, खडीसाखरेचा एक खडा साखरीच्या तोंडात टाकला, एक आपल्या तोंडात टाकला, आणि बाजार उठेपर्यंत हिरव्या बांगड्या घालून तो चघळत बसला.